सांडपाण्याचे शुद्धीकरण आणि तहारतचा प्रश्न

आकाशातून उतरणाऱ्या पाण्याला अल्लाहने पवित्र करणारे पाणी म्हटले आहे (सूरह अल-फुरकान, आयत ४८). आपले वुजू, गुस्ल आणि नमाज याच देणगीवर अवलंबून आहेत. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहर पैठणच्या जायकवाडी धरणावर विसंबून आहे आणि येथील कित्येक वस्त्यांत नळाला अनेक दिवसांआड पाणी येते. अशा वेळी वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा विचार टाळता येत नाही. मग प्रश्न उद्भवतो : असे पाणी पाक असते काय?

प्रथम प्रक्रिया समजून घेऊ. सांडपाण्यातील घन कचरा आधी अलग करतात. नंतर सूक्ष्मजीव त्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. यापुढची पायरी मेम्ब्रेनची, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची. पाणी या पडद्यातून पार होते, पण गाळ व जीवाणू मागे राहतात. त्याहून सूक्ष्म पडद्यातून दाबाने पाणी नेले, ज्याला आपण आरओ म्हणतो, तर विरघळलेले क्षारही बहुतांशी अडतात. सिंगापूर २००३ पासून असे पाणी उद्योगांना पुरवीत आहे आणि त्याचा काही भाग जलाशयांतही सोडत आहे.

शरीअतमध्ये पाण्याची परीक्षा रंग, वास आणि चव या तीन गुणांनी होते. याच आधारावर सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने १९७८ साली आणि मक्का येथील फिकह अकादमीने १९८९ साली निर्णय दिला की, शुद्धीकरणानंतर या तिन्ही गुणांत नजासतचा कोणताही अंश उरला नसेल, तर ते पाणी पाक आहे व त्याने वुजू होते. पिण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथे आरोग्यास अपाय नसल्याची खात्री आवश्यक आहे. दुसरीकडे, केवळ गाळल्याने नजिस पाणी पाक होत नाही, असे काही हनफी मुफ्तींचे मत आहे. म्हणून वुजूसाठी असे पाणी घेण्यापूर्वी आपल्या विश्वासू मुफ्तींना विचारावे. उद्योग, बांधकाम यांसाठी मात्र ते वापरण्यास हा मतभेद आड येत नाही, आणि तेथे वाचलेला प्रत्येक थेंब पिण्यासाठी उरतो.

एक गोष्ट तर आजच करता येण्याजोगी आहे. वुजूत वापरलेले पाणी हनफी फिकहनुसार पाक असते. फक्त त्याने पुन्हा वुजू होत नाही. तरीही आपल्या अनेक मशिदींत ते शौचालयाच्या गटारात मिसळते आणि मग नजिस होते. वुजूखान्याची नाली वेगळी केली, तर तेच पाणी झाडांना देता येईल. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

आपल्या शहरातील पाणचक्की पाहा. डोंगरातील झऱ्याचे पाणी भूमिगत मातीच्या नळांतून येते, उंचावरून हौदात कोसळते आणि धान्य दळणारी चक्कीही फिरविते. एका पाण्याकडून अनेक कामे घेण्याची दृष्टी आपल्या पूर्वजांपाशी होती.

प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे भरल्या ओंजळीइतक्या पाण्यात, वुजू करीत. अपव्यय करणारे अल्लाहला आवडत नाहीत (सूरह अल-आराफ, आयत ३१). नळ उघडा ठेवून वुजू करणाऱ्याने शुद्धीकरणाच्या यंत्राकडून आशा ठेवण्यापूर्वी या शिकवणीकडे पाहावे. अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या या अमानतीची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.