तुझी बदली झाली तर

चि. सोनूस,


काल दादाचा फोन आला. बदलीच्या यादीत तुझं नाव येणार अशी कुजबुज आहे म्हणाला. वर, "पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत केंद्रातल्या शिक्षकांना जुन्याच स्वाध्यायपत्रिका पुन्हा पाठवत बसते." ऐकून जीव घाबरला. अगं, सगळं तुझ्या एकटीच्या फोनमध्ये? तू गेल्यावर त्या शाळांनी काय करायचं?

व्हॉट्सअॅप बंद कर असं मी म्हणणार नाही. शिक्षण परिषदेची वेळ सगळे तिथेच बघतात. टेलिग्रामवर नव्याने आलेल्यालाही मागच्या फाइली दिसतात हे खरं, पण निवृत्तीला आलेले गुरुजी त्यासाठी आणखी एक अॅप उघडतील असं मला वाटत नाही. बोलणं आहे तिथेच राहू दे, फाइली तेवढ्या ड्राइव्हवर हलव. पण तुझ्या स्वतःच्या खात्यावर नको! केंद्राच्या नावाने वेगळं खातं काढ, 15 जीबी जागा फुकट मिळते, आणि पासवर्ड दोघातिघांकडे ठेव. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गूगल ते खातं पुसूनही टाकू शकतं. याहू ग्रूप्स तर 2020 साली कायमचे बंद झाले. म्हणून वर्षातून एकदा सगळ्याची प्रत केंद्रशाळेच्या संगणकावर उतरवून घ्या. जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोधूनही सापडायचं नाही. आणि मुलांची नावं, फोटो, आधार क्रमांक यांतलं काहीही त्यात जाता कामा नये. याबाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही.

नानांच्या स्कॉलरशिपच्या वह्या तू पाहिल्या नाहीस. ट्रंकेत असायच्या. पंचक्रोशीतले मास्तर गणितं उतरवून घ्यायला यायचे. नाना गेले, घर विकलं, वह्या कुठे गेल्या ते कुणालाच सांगता येत नाही. मी तेव्हा एकशिक्षकी शाळेवर नवी होते, विचारायला कुणी नव्हतं. एक तरी वही जवळ असती, असं रोज वाटायचं. अजून वाटतं. म्हणून पुन्हा तेच विचारते: तुझ्याशिवाय कुणाला ते सगळं उघडता येतं?

रागावले, पण दादाला मी काय म्हणाले ठाऊक आहे? नानांनंतर दुसऱ्यासाठी एवढं करणारी घरात तूच. बदली झाली तर होऊ दे, नवं बिऱ्हाड लावायला मी येते आठ दिवस. आज कुणी काही मागितलं तर उद्या देते म्हण आणि वेळेवर जेवून झोप. डोळे दुखतात म्हणे तुझे. चष्मा नवा कर, पैसे मी पाठवते.

तुझी,
आत्या