पुरानंतरचं घर : आधी वाळू द्या

पुराचं पाणी घरातून उतरलं की पहिल्या आठवड्यात दोन माणसं दारात येतात. भंगारवाला आणि रंगारी. पहिला म्हणतो, "भिजलेलं लाकूड आता कुजणार, आत्ताच द्या, नंतर कोण घेणार नाही." दुसरा म्हणतो, "गणपतीच्या आत घर नवं करून देतो." दोघांनाही नम्रपणे परत पाठवा. घर ओलं असताना घेतलेला कुठलाही निर्णय महाग पडतो, आणि तो घेण्याची घाई नेमकी तेव्हाच असते.

हे मी सांगलीच्या गावभागातून लिहिते आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या सोप्यात, माजघरात, स्वयंपाकघरात छातीएवढं उभं राहिलं. काही दिवसांनी उतरलं, मागे काळा चिकट गाळ ठेवून. सासूबाईंच्या लग्नातलं सागवानी कपाट आडवं पडलेलं, आजेसासऱ्यांचं लिहायचं टेबल फुगून दाराला टेकलेलं, मुलांच्या खोलीतलं अलीकडे घेतलेलं फर्निचर तर पोह्यांसारखं भिजून सुटं झालेलं.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतून टेम्पो भरभरून जुनं सागवान गेलं, भंगाराच्या भावात. आमचंही गेलं असतं. कपाट बाहेर काढताना आमचे जुने सुतारमामा वाटेत भेटले. त्यांनी दारालगतच्या फळीवर नखाने ओरखडा काढून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, हे कुठं देताय? ह्याला काय बी झालेलं नाही. फक्त उन्हात टाकू नका." त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते मला पुढे कळलं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. सागवानात स्वतःचं तेल असतं. लाकूड कुजवणारी बुरशी लागायला ओल दीर्घकाळ टिकून राहावी लागते, आठवडाभर पाण्यात राहिल्याने जुनं पक्कं सागवान कुजत नाही. त्याचं नुकसान होतं ते नंतर, माणसांच्या हातून.

नुकसान असं होतं. भिजलेलं कपाट आपण अंगणात कडक उन्हात ठेवतो. वरचा थर भराभर वाळून आक्रसतो, आतला भाग अजून फुगलेलाच असतो, आणि फळी उभी फाटते किंवा पिळवटते. शेजारच्या आळीत एका शिसवी पलंगाच्या पाट्या अशाच दोन दिवसांत धनुष्यासारख्या वाकलेल्या मी पाहिल्या. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं. म्हणून जुने कारागीर दाराच्या चौकटीतली फळी खाचेत मोकळी ठेवत, तिला डिंक लावत नसत. फुगायला आणि आक्रसायला तिला जागा लागते, आणि सावकाश वाळवलं तर ती आपली आपण जागेवर येते.

तर क्रम असा. गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, एकदा वाळला की तो लाकडाच्या रेषांत बसतो. अडकलेले ड्रॉवर ओढू नका, मुठी निघतात आणि पुढची फळी सुटते. कपाटाची मागची फळी काढा, तिथून हवा आत जाऊ द्या, ड्रॉवर मागून हळू ढकलून पाहा. नाही निघाला तर राहू द्या, वाळल्यावर निघेल. फर्निचर विटांवर उचलून ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, सावलीत, जिथे वारा आरपार जातो अशा जागी. फळ्या सुट्या केल्या असतील तर मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून एकावर एक रचा आणि वर वजन ठेवा. पांढरी बुरशी दिसली तर कोरडी झाडू नका, ती घरभर उडते. ओल्या फडक्याने पुसा, नाकाला मास्क बांधून.

आणि मग थांबा. हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत अवघड भाग आहे. आमचं कपाट दिवाळीपर्यंत ओसरीच्या कोपऱ्यात उघडं उभं होतं, येणारा प्रत्येक जण विचारायचा, "हे काढून का टाकत नाही?" लाकूड वाळल्याची खूण मामांनी सांगितली ती अशी: ड्रॉवर जोर न लावता सरकला पाहिजे, आणि गालाला फळी गार लागता कामा नये.

पाण्याने एक उपकारही केला होता. जुन्या फर्निचरचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात, आणि सरस पाण्यात सुटतो. टेबलाचे पाय खुळखुळे झाले ते त्यामुळे. सांधा मोडलेला नव्हता, उघडला होता. मामांनी प्रत्येक सांधा खोलून जुना सरस कोमट पाण्याने आणि पटाशीने खरवडून काढला, वाळू दिला, मगच फेविकॉल लावून रात्रभर शिकंजात आवळून ठेवला. जुना सरस तसाच ठेवून वर फेविकॉल ओतणारे सुतार पुष्कळ आहेत. सरसाने भरलेल्या लाकडात नवा डिंक शिरत नाही, आणि वर्षभरात खुर्ची परत करकरायला लागते. समोर उभं राहून खरवडून घ्या. सुताराच्या दोन दिवसांच्या मजुरीत हे काम होतं आणि पैसे खर्चायची ही योग्य जागा आहे.

आता पॉलिश. कपाट वाळल्यावर त्यावर पांढरट ढग दिसत होते. एका पॉलिशवाल्याने ते पाहून सांगितलं की सगळं मशीनने घासून काढावं लागेल, वर पीयू करू. त्याने सांगितलेली रक्कम आमच्या आवाक्याबाहेरची होती, आणि मुख्य म्हणजे त्या कामाची गरज नव्हती. जुन्या फर्निचरवर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं. लाखेला पाणी लागलं की ती पांढरी पडते, पण ती स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून आधी ओळख करून घ्या. कपाटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा थोडा वेळ टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरने मऊ पडला तर लॅकर. दोन्हींनी काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयूसारखा पक्का थर, त्याला मात्र घासण्यावाचून इलाज नाही.

लाख असेल तर काम घरी होतं. स्पिरिटने किंचित ओला केलेला बोळा हलक्या हाताने, न थांबता फिरवत गेलं की पांढरे ढग बरेचसे जातात. जिथे थर निघूनच गेला असेल तिथे १२० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात करा, मग २२०, शेवटी ३२०, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलेलं पॉलिशखाली लपत नाही, उलट उठून दिसतं. खड्डे आणि रंध्रं भरायला खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून, लाकडाच्या रंगाप्रमाणे गेरू किंवा पिवडी मिसळून लावतात. पॉलिशसाठी साधारण १५० ग्रॅम चपडी लाख एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा, फडक्याने गाळा. कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळून पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. एका जाड हातापेक्षा पाच पातळ हात कितीतरी चांगले. हे पावसाळ्यात करू नका. दमट हवेत लाख लावतानाच पांढरी पडते, आणि मग माणूस लाखेला दोष देतो.

पॉलिशचा स्पिरिट विषारी असतो आणि चटकन पेट घेतो. स्वयंपाकघराशेजारी काम करू नका, देवापुढची समई आणि उदबत्ती त्या दिवशी लांब ठेवा. बाहेरच्या दाराला मी जवसाचं तेल देते, दुकानात 'बॉइल्ड लिन्सीड' म्हणून मिळतं. त्याची तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. फडकी दोरीवर सुटी पसरा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मुलांच्या खोलीतलं फर्निचर टाकावं लागलं. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की संपला. साधा कमर्शियल प्लायही थर सोडतो. नदीकाठी राहणाऱ्याने जमिनीलगतच्या भागासाठी आयएस ७१० छाप असलेला बीडब्ल्यूपी प्लाय घ्यावा. महाग आहे, म्हणून फक्त खालच्या दोन फुटांपुरता वापरा. लोखंडी कपाट गंज घासून, रेड ऑक्साइड मारून, वर ऑइलपेंट देऊन उभं राहिलं, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही.

भिंतींचं मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे आमच्या डोळ्यांसमोर घाई आणि थांबणं, दोन्ही गोष्टी घडल्या. त्या वर्षी गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला होती. पूर ओसरून जेमतेम तीन आठवडे. सासूबाईंचं म्हणणं होतं की गणपती गाळाचे डाग असलेल्या सोप्यात बसवायचा नाही. मला ते मान्यच होतं, त्या पुरानंतर घरात सण होणं आम्हा सगळ्यांना हवं होतं. ठेकेदाराने सोप्याच्या भिंतींना पुट्टी लावली, वर प्लास्टिक इमल्शनचे दोन हात. आतल्या खोल्यांना पैसे उरले नाहीत. माजघर आणि स्वयंपाकघर खरवडलेल्या भिंतींनिशी तसंच राहिलं.

दिवाळीच्या फराळाला बसलो तेव्हा सोप्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत फोड आले होते. बोटाने दाबलं की आत पाणी. फोड फुटला की पुट्टीचा पापुद्रा हातात यायचा आणि खाली पांढरा लोणा फुललेला दिसायचा. आमची भिंत जुन्या विटांची, चुन्यात बांधलेली. अशी जाड भिंत पाणी शोषते आणि महिनोन्‌महिने हळूहळू बाहेर सोडते. वर प्लास्टिकचा थर दिला की पाण्याची वाट बंद होते, मग ते थरालाच ढकलून बाहेर येतं आणि सोबत क्षार आणतं. सोप्याचा सगळा खर्च फुकट गेला, वर तो रंग खरवडून काढायची मजुरी वेगळी. माजघराच्या उघड्या भिंती मात्र थंडीभर वाळत राहिल्या.

भिंत वाळली का हे पाहायला मीटर लागत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि पूर्ण एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं किंवा भिंत गडद दिसली तर थांबा, पंधरवड्याने पुन्हा पाहा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात.

माजघराला आम्ही होळीच्या सुमाराला चुना दिला. कळीचा चुना पिंपात विरवून, एक दिवस मुरवून, फडक्याने गाळून, त्यात डिंकाचं पाणी. चुना पाण्यात घालताना उकळतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावल्याशिवाय कुणालाही पिंपाजवळ जाऊ देऊ नका. हात पातळ द्या, दुधासारखे, आणि दोन हातांमध्ये वाळू द्या. ओला चुना पारदर्शक दिसतो, घाबरून जाड थापू नका, वाळला की पांढरा होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो भिंतीवर घट्ट होतो, भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि त्याच्या क्षारपणामुळे बुरशीला तिथे पाय रोवणं अवघड जातं. थोडी पिवडी घातल्याने माजघराला जुन्या वाड्यांसारखा उबदार रंग आला. सोप्याला लागलेल्या पैशांच्या अगदी लहान हिश्शात हे झालं. पुढच्या वर्षी सोप्यालाही चुनाच दिला. कपड्यांना पांढरं लागतं, हे खरं आहे. डिंक पुरेसा असेल तर फार कमी लागतं.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नका. जुनी दारं, खिडक्या, पाळणे यांच्यावर ऑइलपेंटचे थरावर थर असतात, आणि जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासला की त्याची धूळ जमिनीवर बसते आणि रांगणारं मूल ती हातांवरून तोंडात नेतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं कायमची इजा करतं. पुरानंतर गल्लीत दारोदार घासायची मशीनं चालू होती, आणि त्याच ओट्यांवर मुलं खेळत होती. ते आठवलं की मला अजून अस्वस्थ होतं. रंग धडका असेल तर काढूच नका, वरून नवा द्या. सुटत असेल तर पाण्याने भिजवून ओला घासा, खाली प्लास्टिक पसरा, मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर त्या दिवसांपुरतं त्यांना दुसरीकडे पाठवा, आणि शेवटी केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्या. हिरव्या खिडक्यांखालचं सागवान बाहेर काढायचा मोह मलाही होता. घरात पुतण्याचं तान्हं होतं, म्हणून त्या खिडक्या आजही हिरव्या आहेत.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. या वेळी कपाटाची मागची फळी आधीच काढून माळ्यावर गेली होती, कारण मामांनी दुरुस्तीच्या वेळी खिळ्यांऐवजी सगळीकडे पितळी स्क्रू बसवून दिले होते. तुम्हीही दुरुस्ती करताना एवढं नक्की सांगा: मागची फळी, ड्रॉवरच्या पट्ट्या, टेबलाचा वरचा भाग, सगळं स्क्रूवर. लोखंडी स्क्रू नकोत, ते गंजून सागवानात काळे डाग पाडतात आणि ऐन वेळी निघत नाहीत. बसवताना आटे मेणावर घासून घ्या. प्रत्येक ड्रॉवरच्या तळाशी आणि त्याच्या जागेवर पेन्सिलीने एकच आकडा घाला, आणि पेचकस तळघरात न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवा.