घोडा एकच, पण इंधन वेगवेगळं!



"घोडा नुसतं गवत खातो, मग एवढा पळतो कसा?" हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर अवस्थेप्रमाणे बदलतं.

१) विश्रांती : मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव गवत आंबवतात. त्यातून बनणाऱ्या मेदाम्लांवर शरीराची बरीचशी गरज भागते. हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते ४०.

२) भरधाव धाव : ठोके २०० च्या वर जातात. प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. स्नायू त्यांच्यातलं ग्लायकोजेन वापरतात. ऑक्सिजन अपुरा पडला की लॅक्टिक आम्ल तयार होतं.

३) दूध पाजणारी घोडी : ५०० किलोची घोडी दिवसाला सुमारे १५ लिटर दूध देते. त्यामुळे तिची ऊर्जेची गरज जवळपास दुप्पट होते.

४) उपासमार : अंगातली चरबी सुटून यकृताकडे जाते. लठ्ठ आणि गाभण तट्टाणी किंवा गाढवी एकदम उपाशी राहिली, तर रक्तात चरबी बेसुमार वाढते, जिवावरही बेततं. म्हणून "जाड झालीय, दोन दिवस चारा बंद" असं कधीच करू नये. आहार हळूहळू आणि पशुवैद्यांना विचारूनच कमी करावा.

कृती : मुलांना बसून आणि मग उड्या मारून स्वतःची नाडी मोजायला सांगा. दोन आकड्यांतला फरक पाहिला की पाठ आपोआप समजतो.