उघड्या टपाची मोटार : रस्त्यावर आणि शर्यतीत

जयपूर शहराच्या आग्नेयेस जगतपुरा नावाचे उपनगर आहे. तेथील परिवहन कार्यालयात वाहन चालविण्याचा परवाना मागणाऱ्यांची परीक्षा घेतली जाते, आणि त्यासाठी एक छोटासा मार्ग आखलेला आहे. उमेदवाराने त्यावर नीट वळावे, गाडी मागे न्यावी, ठरल्या रेषेत थांबवावी, एवढीच अपेक्षा असते. वेगाला तेथे काही मोल नाही. ज्या मार्गावर वेगालाच मोल आहे असा मार्ग गाठावयाचा, तर जगतपुऱ्याच्या रहिवाशाला दिल्लीपलीकडे ग्रेटर नोएडा येथे, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर दूर जावे लागते. तेथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग २०११ साली सुरू झाला. त्याचा एक फेरा ५ किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो.

समजा, जगतपुऱ्यातील एका हौशी गृहस्थाजवळ उघड्या टपाची, दोन आसनांची लहान मोटार आहे. ती मालमोटारीवर लादून नेण्याचा खर्च परवडत नसल्याने ते स्वतःच ती चालवीत महामार्गाने जातात, मार्गावर पंधरा फेरे मारतात आणि तशीच परत आणतात. जाऊन येऊन ६०० किलोमीटर सार्वजनिक रस्ता झाला आणि शर्यतीचा मार्ग जेमतेम ७७ किलोमीटर. त्या ७७ किलोमीटरांत गृहस्थांच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, सर्व गाड्या एकाच दिशेने धावतात आणि रुग्णवाहिका सज्ज असते. उरलेल्या ६०० किलोमीटरांत डोके उघडे असते आणि समोर मालमोटारी, ट्रॅक्टर, उंटगाड्या, मोकाट गुरे यांपैकी काहीही येऊ शकते. या एकाच मोटारीत कोणती साधने बसवावीत, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. कारण शर्यतीत जीव वाचविणारी काही साधने रस्त्यावर जीव घेऊ शकतात.

असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम आघाताचे गणित पाहिले पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. ती भिंतीवर आदळली आणि तिचे नाक चेपत जाऊन चालकाचे शरीर ६० सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्याला गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १६ पट मंदन सोसावे लागते. वेग तोच ठेवून थांबण्याचे अंतर निम्मे केले की मंदन दुप्पट होते. अंतर तेच ठेवून वेग दुप्पट केला की ते चौपट होते. इमारतीच्या बांधकामावर खालून फेकलेली वीट झेलणारा गवंडी ती हातात येताच हात मागे ओढून घेतो. त्याने हे सूत्र कधी पाठ केलेले नसते, परंतु थांबण्यासाठी अंतर द्यावे लागते हे त्याच्या तळहातांना ठाऊक असते. मोटारीतील सुरक्षिततेचे प्रत्येक साधन शरीराला थांबण्यासाठी थोडे अंतर मिळवून देते, किंवा आघाताचा भार हाडांच्या मजबूत भागांवर पसरविते. काही साधने दोन्ही कामे करतात.

व्होल्वो कंपनीतील अभियंता नील्स बोलीन याने १९५९ साली प्रचारात आणलेला तीन टोकांचा पट्टा हा त्या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेला शोध आहे. तो ओटीपोटाच्या हाडांवरून आणि एका खांद्यावरून जातो, एका हाताने लावता व काढता येतो, आणि पुढे त्याला जोडलेल्या गुंडाळीमुळे चालकाला एरवी मोकळेपणाने वाकता येते. आघाताच्या वेळी तो किंचित ताणला जातो आणि शरीर थोडे पुढे येते. हा दोष नव्हे. त्याच अंतरात एअरबॅग फुगून चेहऱ्यापुढे आलेली असते. पट्टा, पिशवी, चेपणारे सुकाणू आणि आसनाचा मागचा टेकू हे चारही भाग एकमेकांच्या भरवशावर बेतलेले असतात.

शर्यतीची साधने वेगळ्या कुळातील आहेत. त्यांच्यामागे अमेरिकी वायुदलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप याच्यासारख्यांचे प्रयोग आहेत. त्याने १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत अग्निबाणाच्या गाडीवर स्वतःला पट्ट्यांनी जखडून घेतले आणि ताशी १००० किलोमीटरांहून अधिक वेग गाठून सेकंद-दीड सेकंदात थांबून दाखविले. गुरुत्वत्वरणाच्या ४६ पटींपर्यंत भार पडूनही तो जगला. डोळ्यांत रक्त उतरले, परंतु दृष्टी परत आली. सर्वांगाला घट्ट आवळून धरले तर मनुष्यदेह कल्पनेपेक्षा अधिक सोसतो, हा त्याचा निष्कर्ष. शर्यतीचा पाच-सहा टोकांचा पट्टा, म्हणजे हार्नेस, याच तत्त्वावर आहे : दोन्ही खांदे, कंबर आणि मांड्यांमधून जाणारी पट्टी यांनी चालक आसनाचा जणू एक भाग बनतो.

आता उघड्या टपाकडे वळू. बंद मोटारीत छप्पर आणि त्याला तोलणारे खांब मिळून एक पिंजरा तयार होतो. टप काढला की तो पिंजराच नाहीसा होतो. उलटलेल्या गाडीत चालकाचे डोके आणि जमीन यांच्यामध्ये पुढच्या काचेची चौकट तेवढी उरते. अशा मोटारी भारतात नवीन नाहीत. मुंबईत जुहूच्या विमानतळावर आणि मद्रासजवळ शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर ज्या शर्यती भरत, त्यांत परदेशी बनावटीच्या लहान उघड्या गाड्या दिसत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन मोटर्सने फायबरग्लासच्या अंगाची 'स्टॉर्म' नावाची दोन आसनी उघडी मोटार काढली होती. परदेशात या जातीची सर्वांत लोकप्रिय गाडी म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. ती १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. आठवडाभर कामावर नेलेली गाडी सुटीच्या दिवशी शर्यतीच्या मार्गावर नेण्याची रीत या मोटारीच्या मालकांत विशेष रूढ आहे. म्हणून येथे चर्चिलेला प्रश्न त्यांच्यापुढे नेहमीच उभा राहतो.

त्यावर पहिला उपाय सुचतो तो कमानीचा. आसनांच्या मागे जाड पोलादी नळाची उलट्या 'यू' आकाराची कमान उभी करून ती गाडीच्या सांगाड्याला जखडतात. तिला रोल बार म्हणतात. ती पुरेशी उंच आहे की नाही हे तपासण्याची एक साधी युक्ती आहे. शिरस्त्राण घातलेला चालक आसनावर बसला असता कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत एक सरळ काठी धरावयाची. डोके काठीच्या खाली राहिले पाहिजे, आणि कमानीचा माथा डोक्यापेक्षा निदान ५ सेंटिमीटर उंच हवा. उंच माणसाला लहान गाडीत ही परीक्षा उतरणे कठीण जाते. मग आसनाची गादी काढून बैठक खाली नेण्यावाचून गत्यंतर नसते.

परंतु हीच कमान चालकाच्या डोक्यामागे काही सेंटिमीटरांवर असते. महामार्गावर उभ्या असलेल्या या गाडीला मागून दुसऱ्या गाडीने धडक दिली, तर आसनाची पाठ मागे कलते आणि डोके नळाकडे जाते. डोके सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने पोलादावर आपटून एका सेंटिमीटरात थांबले, असे धरून हिशेब केला तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या २५० पट भरते. इतक्या आघाताने कवटी फुटू शकते. नळावर जाड अस्तर असेल आणि ते ४ सेंटिमीटर दबेल, तर हाच आकडा ६२ च्या आसपास येतो. तथापि येथे एक खोच आहे. शर्यतीसाठी मिळणारे अस्तर मुद्दाम कठीण केलेले असते, कारण त्यावर शिरस्त्राण आदळेल असे गृहीत धरलेले असते. उघड्या डोक्याला ते फारसे दबत नाही. पुष्कळ मालक काळे अस्तर चढविले की निर्धास्त होतात. त्यांनी ते अंगठ्याने दाबून पाहावे.

शिरस्त्राणाचीही अशीच कथा आहे. विल्यम स्नेल हा हौशी चालक १९५६ साली शर्यतीत गाडी उलटून मरण पावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होते, परंतु ते निकामी ठरले. त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने प्रतिष्ठान स्थापून शिरस्त्राणांची कसोटी ठरविण्याचे काम हाती घेतले. या प्रतिष्ठानाच्या नियमांत मोटारशर्यतीची टोपी आणि मोटारसायकलची टोपी यांच्या परीक्षा भिन्न आहेत : पहिलीला पोलादी नळाचा आघात आणि आग या दोन्ही कसोट्या उतराव्या लागतात. म्हणून स्कूटरवर वापरलेली टोपी मार्गावर नेणे हा किफायतीचा मार्ग वाटला तरी तो खरा नव्हे. उलट, शर्यतीची टोपी महामार्गावर घालून बसावे, तर बाजूचे दिसणे व मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येणे कमी होते, आणि मानेवरचे ओझे वाढते.

मानेचा प्रश्न सर्वांत उशिरा उमगला. डोक्याचे साडेचार किलो आणि शिरस्त्राणाचे दीड, असे सहा किलो धरले, तर गुरुत्वत्वरणाच्या ४० पट मंदनात मानेला २४० किलो वजनाएवढा ओढ बसतो. खांदे हार्नेसने घट्ट आवळलेले असल्याने धड जागचे हलत नाही. डोके मात्र पुढे फेकले जाते आणि कवटीचा तळ मणक्यांपासून फाटतो. मिशिगन राज्य विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी त्यांचे नातलग, शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्या साह्याने १९८० च्या दशकात 'हान्स' हे साधन तयार केले. खांद्यांवर बसणाऱ्या या कॉलरला शिरस्त्राण दोन पट्ट्यांनी बांधले जाते. कित्येक वर्षे चालकांनी ते अडगळ मानले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला. त्यानंतर त्याच वर्षी अमेरिकेच्या मोठ्या शर्यतींत असे साधन सक्तीचे झाले, आणि २००३ पासून फॉर्म्युला वन शर्यतींत हान्स सक्तीचे झाले. साधन तयार होते. ते मान्य होण्यास वीस वर्षे लागली.

यावरून ध्यानात येईल की ही साधने एकएकटी नसतात. हार्नेस लावला की हान्स हवे. हान्स लावण्यासाठी शिरस्त्राण हवे. हार्नेसच्या खांद्याच्या पट्ट्या जवळजवळ आडव्या मागे जाण्यासाठी कमानीवरचा आडवा नळ हवा. त्या तळाकडे उतरत्या बांधल्या तर आघातात मणक्यावरच दाब येतो. मांड्यांमधली पट्टी वगळली तर शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा पोटातील मऊ अवयवांत रुततो. याहून घातक म्हणजे, कमान नसलेल्या उघड्या गाडीत हार्नेस लावणे. गाडी उलटली तर सामान्य पट्ट्यातला माणूस निदान बाजूला कलू शकतो. हार्नेसमधला माणूस ताठ बसलेला राहतो आणि गाडीचे वजन त्याच्या डोक्यावर येते. तसेच, एअरबॅगचे सुकाणू काढून शर्यतीचे सुकाणू बसविणे हे मार्गावर क्षम्य आहे, कारण तेथे हार्नेस छातीला रोखतो. रस्त्यावर तीन टोकांच्या पट्ट्यासह तेच सुकाणू चेहऱ्यासमोर उघडे धातूचे कडे ठरते.

तेव्हा जगतपुऱ्याच्या त्या गृहस्थांनी काय करावे? ज्या ६०० किलोमीटरांत डोके उघडे असते, त्यांना अग्रक्रम द्यावा. कारखान्यातून आलेला तीन टोकांचा पट्टा, एअरबॅग आणि डोक्यामागचा टेकू जागच्या जागी ठेवावेत. कमान बसवावी ती आसनांच्या मागे, डोक्यापासून शक्य तितकी दूर. डोक्याच्या दोन्ही बाजूंनी नळ आणणारा पूर्ण पिंजरा मात्र रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत घालू नये. ज्याला तो पिंजरा हवाच आहे त्याने गाडी मालमोटारीवरून न्यावी, हेच योग्य. हार्नेस बसवावयाचा तर तो मूळ पट्ट्याशिवाय जादा बसवावा आणि मार्गावर पोहोचेपर्यंत गुंडाळून ठेवावा. अग्निशामक नळकांडे धातूच्या पकडीत आवळावे; दोन किलोचे नळकांडे आसनाखाली मोकळे राहिले, तर वर सांगितलेल्या १६ पट मंदनात ते ३२ किलोच्या दगडासारखे पायांत येते.

कायद्याचे बंधनही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहेच. कमान बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी; पट्टा किंवा एअरबॅग काढून टाकण्याचा प्रश्नच उद्भवू नये.

आणखी एक गोष्ट उघड्या टपाशी आणि राजस्थानच्या हवेशी निगडित आहे. पट्ट्याचे विणलेले धागे नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते हळूहळू कमजोर होतात आणि वाळूचे बारीक कण विणीत शिरून धागे कापतात. म्हणूनच शर्यतीच्या हार्नेसवर मुदतीची तारीख शिवलेली असते : एका अमेरिकी प्रमाणानुसार दोन वर्षे, आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रमाणानुसार साधारण पाच. बंद गाडीतील पट्टा सावलीत राहतो. जगतपुऱ्यात टप उघडा टाकून उभ्या केलेल्या गाडीतला पट्टा वैशाखातील उन्हात दिवसभर तापतो आणि आंधीची धूळ खातो. त्याचा रंग उडाला असेल, कडा केसाळ झाल्या असतील किंवा तो हाताला ताठ लागत असेल, तर चिठ्ठीवरची मुदत शिल्लक असली तरी तो बदलावा. एका अपघातात ताणला गेलेला पट्टा दिसण्यात धडधाकट असला तरी पुन्हा वापरू नये. गाडी उभी करताना हार्नेस काढून घरात न्यावा, आणि ते जमत नसेल तर निदान टप ओढून घ्यावा.