संमेलनातील वेषभूषा व सोंगसाहित्य

वार्षिक स्नेहसंमेलनात नाट्यप्रवेश बसविण्याचे ठरले की खेड्यातील शिक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पोशाखांचा. तालुक्याच्या गावाहून ते भाड्याने आणावयाचे म्हटले म्हणजे भाडे, अनामत आणि जाण्यायेण्याचा खर्च पालकांवर पडतो. मग ज्याच्या घरून पैसे येतात त्याच्या वाट्यास महाराजांची भूमिका येते, आणि ज्याचा आवाज खणखणीत आहे असा मजुराचा मुलगा प्रेक्षकांत बसतो. पात्रनिवड अशा रीतीने होणे शाळेस शोभणारे नाही. शिवाय भाड्याचे अंगरखे बहुधा मोठ्या मापाचे असतात. बाह्या सावरता सावरता मूल संवाद विसरते.

वस्तुतः सोंग घेण्यास पैसा लागत नाही, हे आपल्या लोककलांनीच दाखविले आहे. पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील) जव्हार-मोखाडा भागात बोहाडा होतो. त्यात देव-दानवांची सोंगे संबळाच्या तालावर नाचतात. त्यांचे मुखवटे लाकडाचे, तसेच कागदाच्या लगद्याचेही असतात. रद्दी कागदातून गणपती आणि रावण उभे राहतात, तर शाळेतला वाघ का उभा राहू नये?

मुखवट्यासाठी मुलाच्या चेहऱ्याहून किंचित मोठे मडके वाळूत पालथे बसवावे व त्यास गोड्या तेलाचा हात फिरवावा. एक वाटी कणीक पाच-सहा वाट्या पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळीत तिची खळ करावी. कागदाच्या पट्ट्या हातानेच फाडाव्यात. कात्रीने कापलेल्या कागदाची कड वर उठून दिसते. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजविलेल्या कागदाचा द्यावा, म्हणजे मुखवटा मडक्यास चिकटत नाही. पुढे खळीचे सहा-सात थर आडवे-उभे आलटूनपालटून द्यावे. एक थर वर्तमानपत्राचा व दुसरा जुन्या वहीच्या कागदाचा असा क्रम ठेवल्यास कोठे जागा सुटली ते मुलांनाही चटकन कळते.

नाक, भुवया व गाल लगद्याने उठवावेत. कागदाचे तुकडे दोन दिवस भिजवून उखळात कुटावेत व त्यात रात्रभर भिजवून वाटलेली मूठभर मेथी मिसळावी. मेथीच्या चिकटपणाने लगदा घट्ट धरतो. तो एकाच वेळी जाड थापला तर वाळताना तडकतो, म्हणून दोन खेपांनी लावावा. पुरते वाळण्यास तीन-चार दिवस लागतात. संमेलनाच्या आदल्या दिवशी काम काढणाऱ्या शाळेस ओला मुखवटाच रंगमंचावर न्यावा लागतो! वाळल्यावर डोळ्यांची व नाकपुड्यांची भोके प्रशस्त कापावीत, आतून सुती फडक्याचे अस्तर चिकटवावे आणि दोरीच्या भोकांभोवती कापडाचा तुकडा लावून ती बळकट करावीत.

रंगांपूर्वी खडूची पूड खळीत कालवून पांढरा हात द्यावा. येथे चुना वापरू नये. तो त्वचेस झोंबतो, आणि त्यावर हळद लावली तर पिवळा वाघ तांबडा होतो. गेरू, हळद, नीळ व काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलली की बहुतेक रंग साधतात. खळीस कसर लागू नये म्हणून काही ठिकाणी मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या तोंडाशी येणाऱ्या वस्तूत नको. शेंदूर शिशापासून करीत असल्यामुळे तोही मुखवट्यास वा चेहऱ्यास लावू नये.

पोशाखाचे काम त्यामानाने सोपे. जुन्या धोतराचे वा लुगड्याचे पागोटे उत्तम बसते. गोणपाटास डोके व हात जाण्यापुरती भोके पाडून, कमरेला दोरी बांधली की मावळ्याचे चिलखत होते; मात्र आत सदरा असावा, गोणपाट अंगास खाजते. फुटक्या टोपलीवर कागद चिकटवून काजळी फासल्यास ढाल होते. बांबूच्या कामटीस पुठ्ठा गुंडाळून तलवार करावी व टोक बोथट ठेवावे. चहाच्या पुड्यांची चंदेरी बाजू मुकुटास शोभते. अंबाडीचे पिंजलेले धागे दाढीमिशांस चालतात. पण दिवा, पणती वा मशाल असलेल्या प्रवेशात अशी दाढी कोणत्याही मुलास लावू नये. मशाल हवीच असेल तर तांबड्या-पिवळ्या कागदाच्या ज्वाळा कराव्यात.

साहित्य जमविताना एक पथ्य पाळावे. प्रत्येकाने अमुक वस्तू आणलीच पाहिजे अशी सक्ती नसावी. घरी जुने लुगडे अंगावर घालण्यासाठीच लागते अशीही कुटुंबे गावात असतात. त्यांच्या मुलांनी माती, कामट्या, बाभळीचा डिंक आणला तरी तो तितकाच उपयोगी आहे, व शिक्षकाने तो तितक्याच मानाने स्वीकारावा.

निदान दोन तालमी मुखवट्यासह घ्याव्यात. मुखवट्यातून आवाज दबतो आणि बाजूचे दिसत नाही. ज्याचे संवाद मोठे आहेत त्यास अर्धा, ओठांवरचा मुखवटा द्यावा. प्रयोग संपताच सर्व वस्तू उन्हात वाळवून, कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासह पेटीत ठेवाव्यात आणि त्यांची यादी वरच्या वर्गातील मुलांकडून वहीत लिहून घ्यावी. पुढील वर्षी वाघाचे कान तेवढे बदलले की त्याचाच कोल्हा होतो.