लांब रपेटीचा घोडा: तयारी तीन महिन्यांची, हिशेब वर्षाचा

चंद्रपूर-गडचिरोलीत लांब पल्ल्याच्या रपेटीसाठी घोडा घ्यायचा असेल, तर किमतीआधी कॅलेंडर बघा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. उन्हामुळे रपेट पहाटेच उरकावीशी वाटते. पण जंगलालगत वाघ-बिबट्यांच्या वावराची वेळही तीच. पावसाळ्यात धानपट्ट्यात चिखल आणि गोमाश्या. कसून तयारीला राहतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घोडा मात्र बाराही महिने खातो.

खरेदी
सारंगखेडा आणि नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव, या दोन्ही यात्रा हिवाळ्यात भरतात. तिथे रंग, उंची आणि नाच यांवर भाव चढतो. तुम्ही खूर, पाठ आणि श्वास बघा. कडक जमिनीवर दुडकी काढायला लावा, लंगड लगेच कळते. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. हा रोग माणसालाही होतो. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत पाठवता येतो. तपासणी आणि वाहतूक किमतीतच धरा.

दरमहा हिशेब (350 किलोचा घोडा)
भाव गावोगावी बदलतात. वजन पक्कं धरा आणि आपला दर घाला.
- वैरण: रोज 7 किलो, महिन्याला 210 किलो. किलोला 12 रुपये धरले तर 2,520 रुपये.
- चंदी (दाणा): रोज 2 किलो, महिन्याला 60 किलो. किलोला 40 रुपये धरले तर 2,400 रुपये.
- नाल: दर 6 आठवड्यांनी, वर्षातून 8-9 वेळा. नालबंद बाहेरगावाहून येणार असेल तर दोन-तीन घोडेवाल्यांनी मिळून बोलवा, प्रवासखर्च वाटला जातो.
- औषधपाणी: धनुर्वाताची लस, लीद तपासून जंतनाशक.
- मोतद्दाराचा (घोडा सांभाळणाऱ्याचा) पगार: बहुतेकदा सर्वांत मोठी रक्कम हीच.

या दरांनी नुसतं दाणावैरणच वर्षाला 59,040 रुपयांचं होतं.

बचत कुठे करू नये
ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे तणस (धानाचा पेंढा) स्वस्त मिळते, पण तिच्यात पोषण कमी. मुख्य वैरण म्हणून ती चालत नाही. वाळलेलं गवत किंवा वरोरा-भद्रावतीकडचा चांगला कडबा घ्या. धानानंतर पिकणारी लाखोळी चंदीत अजिबात नको. ती सतत खाल्ल्याने घोड्याच्या स्वरयंत्राच्या नसा निकामी होतात, धावताना श्वास घोरतो, आणि मग रपेट संपलीच. बुरशी धरलेला मका आणि कोंबड्यांचं खाद्य जीवघेणं ठरू शकतं.

बारा आठवडे
पहिले चार आठवडे फक्त चाल, ताशी 6-7 किलोमीटर. पुढचे चार आठवडे मधेमधे दुडकी. शेवटच्या चारांत आठवड्यातून एकच लांब रपेट, हळूहळू 30 किलोमीटरपर्यंत. आठवड्यातून दोन दिवस सुट्टी हवीच. एका आठवड्यात अंतर वाढवलं तर वेग वाढवू नका: दमसास लवकर वाढतो, पण कंडरा आणि हाडं पक्की व्हायला महिने लागतात.

रपेट संपली की तंग सैल करा, अंगावर पाणी ओता, प्यायला द्या. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून 15 सेकंद ठोके मोजा आणि चौपट करा. वीस मिनिटांत ते 64 च्या खाली आले नाहीत, तर त्या दिवसाचं काम जास्त झालं. पुढची रपेट कमी करा. स्पर्धांतले पशुवैद्यकही साधारण याच आकड्यावर घोड्याला पुढे सोडतात. खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश बसली तर अंगात पाणी कमी आहे.

वाट
उघड्या शेतांमधले पांदण रस्ते निवडा. उजाडल्यावर निघा, एकट्याने जाऊ नका, वन विभागाच्या परवानगीशिवाय जंगलात शिरू नका. रात्री तबेल्याला भक्कम दार आणि जाळी हवी. हा खर्च घोडा आणण्यापूर्वी करा.

वर्षभराचं दाणावैरण, नालबंद आणि मोतद्दार यांची रक्कम आधी बाजूला काढता येत असेल, तरच घोडा घ्या. नाहीतर चांगल्या तबेल्यात ठरावीक दिवसांसाठी घोडा भाड्याने घेऊन रपेट शिका; पैसे वाचतील आणि एका मुक्या जिवाचे हालही टळतील.