क्लासच्या व्हिडिओंसाठी सर्व्हर घेताय? आधी तास मोजा

बिबवेवाडीत क्लास चालवताय आणि तासांची रेकॉर्डिंग मुलांना हवी तेव्हा दाखवायची आहेत? मग दुकानात ‘किती टीबी घेऊ?’ असं विचारू नका. १०८०, ७२० आणि ४८० अशा तीन प्रती ठेवल्या, तर एका तासाला साधारण ३.८ जीबी लागतात. ५०० तासांना १.९ टीबी. मूळ रेकॉर्डिंग वेगळं.

त्यासाठी ४ टीबीच्या दोन नॅस डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा, लावा. जागा एकीचीच मिळते, संगणक ती ३.६ च्या आसपास दाखवतो. ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पण रेड म्हणजे बॅकअपही नव्हे. चुकून डिलीट केलेला धडा दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. तिसरी डिस्क घ्या, दर रविवारी कॉपी करा आणि ती क्लासमध्ये न ठेवता घरी न्या.

तपकीर गल्लीत किंवा कुठेही डिस्क घ्या, पण जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहूनच घ्या. तो कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी तपासा. डिस्क जोडली की क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर त्याच दिवशी परत करा.

५० मुलांनी एकदम ७२० वर पाहिलं तर १२५ एमबीपीएस लागतात. प्रत्येकाने वेगळा धडा लावला की डिस्कचं हेड इकडून तिकडे पळत राहतं, व्हिडिओ अडकतो. परीक्षेआधी सगळे तेच चार-पाच धडे बघतात, ते छोट्या एसएसडीवर ठेवा. मुलं घरून बघणार असतील तर ब्रॉडबँडवाल्याकडून अपलोडचा वेग, एफयूपी मर्यादा आणि स्टॅटिक आयपीचं शुल्क लेखी घ्या. कनेक्शनसाठी आधार, पॅन, जागेचा भाडेकरार किंवा लाइटबिल आणि असल्यास जीएसटी प्रमाणपत्र जवळ ठेवा.

स्वतःच्या सर्व्हरऐवजी क्लाउड घेतला, तर त्याचा छुपा खर्च बाहेर जाणाऱ्या डेटाचा. अमेझॉनच्या मुंबई केंद्रात साठवणूक जीबीला महिना सुमारे अडीच सेंट, डेटा बाहेर जाताना जवळपास ११ सेंट. वरची १.९ टीबी साठवायला ४८ डॉलर. २०० मुलांनी महिन्यात दहा-दहा तास ७२० वर पाहिलं तर वर सुमारे २३५ डॉलर, शिवाय १८ टक्के जीएसटी.

त्याउलट क्लासमधला ४० वॅटचा सर्व्हर महिन्याला २९ युनिट खातो. यूपीएस हवाच, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा डिस्क नीट बंद व्हायला हवी.